पैलवानाची जर्सी

"आधी जुनी जमा, मग नवी," स्टोअरकीपरकाका म्हणाले आणि टायपिस्ट उघड्या अंगानं रेषेबाहेर उभा राहिला.

कारखान्यातला फुटबॉलचा सामना संपायला पाच मिनिटं उरली होती. स्टोअर एक, मशीन शॉप एक. बरोबरी झाली तर ढाल गतविजेत्यांकडेच राहायची, म्हणजे गेली आठ वर्षं होती तशी मशीन शॉपच्या भिंतीवर. काका महिनाभरात निवृत्त होणार होते. त्याआधी ती एकदा तरी स्टोअरच्या भिंतीवर लागावी, ही इच्छा त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. आणि नेमका आता स्टोअरकडून खेळणाऱ्या पॅकिंगमधल्या पैलवानाच्या पोटरीत गोळा येऊन तो लंगडत बाहेर आला होता.

बारावी कोरी जर्सी काकांच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली होती. पण सत्तावीस वर्षांत काकांनी गेलेला बल्ब हातात घेतल्याशिवाय नवा बल्ब कुणाला दिला नव्हता.

"काका, अहो मॅच चाललीय!"

"मग काढा की पटापट! मी कुठं अडवलंय?"

पैलवानाची जर्सी घामानं अंगाला चिकटली होती. वर ओढली ती कोपरात आणि हनुवटीखाली अडकली. आतून आवाज आला, "कान! अरे माझा कान!" काकांनी डावी बाही धरली, टायपिस्टनं उजवी. राखीव खेळाडूंनी पैलवानाला कमरेला धरलं. पंच होते कारखान्याचे कंपाउंडर. ते लांबूनच ओरडले, "तुमचं चालू द्या, खेळ थांबणार नाही!"

हे सगळं मशीन शॉपच्या गोलपासून पंधरा पावलांवर चाललं होतं. त्यांचा गोलकीपर जातीचा फिटर. अडकलेली वस्तू कुणी चुकीच्या बाजूनं ओढतोय, हे त्याला कधी बघवलं नाही. चेंडू पार दुसऱ्या टोकाला होता. तो दोन पावलं पुढं आला, मग चार.

"बाही सोडा हो! आधी मान मोकळी करा!"

"तू तुझा गोल सांभाळ," काका म्हणाले.

"फाटेल ना ती! सरका." त्यानं हातमोजे काढून काखेत धरले आणि कॉलरमध्ये दोन बोटं घातली.

त्याच क्षणी पलीकडं स्टोअरच्या गोलकीपरनं डोळे मिटून चेंडू लाथाडला. इकडं जर्सी सुटली, माणसं एकमेकांवर पडली, आणि शिट्टी वाजली. चेंडू जाळीत होता.

"हा गोल धरायचा नाही!" मशीन शॉपवाले धावत आले. "त्यांनी आमच्या माणसाला बाहेर ओढलं!"

"तुला बोलावलं होतं का कुणी?" कंपाउंडरनी विचारलं.

फिटरनं मान खाली घातली. "नाही. पण ते उलटं ओढत होते."

काकांनी ओली जर्सी घडी करून पिशवीत टाकली आणि नवी टायपिस्टला दिली. पुढची दोन मिनिटं तो जीव तोडून पळाला. चेंडू काही त्याच्या वाट्याला आला नाही. ढाल मात्र आली.

त्या मैदानावर आता गाड्या उभ्या राहतात. टायपिस्टचे केस पिकलेत, तरी महिन्यातून एकदा तो काकांकडे चहाला जातो. परवा त्यानं कप खाली ठेवला. "काका, इतकी वर्षं लोक भांडतात, मला उतरवलं म्हणून जिंकलो की नाही. पण गोल गेला कसा हो? मी बाही ओढत होतो."

काकांनी आपलाही कप खाली ठेवला. "मीपण."

"म्हणजे तुम्हीसुद्धा बघितला नाही…? आठ वर्षं वाट बघून?"

"फिटरचं लक्ष कॉलरमध्ये, पैलवान जर्सीत, आपला गोलकीपर डोळे मिटून. बाकीचे दहा जण दहा तऱ्हेनं सांगतात. कंपाउंडर तर गेले." काकांनी खुर्ची पुढं ओढली. "तू सांग. मी ऐकतो."

टायपिस्ट उठला. मधलं टेबल बाजूला सरकवून त्यानं हात वर केला. "चेंडू असा उंच आला. वारा मागून. मधल्या रेषेपलीकडं पडला, आणि दोन टप्पे घेऊन—"

"तीन," काका म्हणाले.