हिरवे चेहरे दहाच होते

बुधवारी सकाळी आनंदनगरच्या एका कारखान्यात, पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या प्रेस विभागाच्या दाराशी, नवा बोर्ड लागला. त्यावर एकवीस नावं, प्रत्येक नावापुढे एक खिळा आणि खाली डब्यात प्लास्टिकचे गोल चेहरे: दहा हिरवे, दहा पिवळे, दहा लाल. हिरवा म्हणजे मन बरं आहे, पिवळा म्हणजे काळजी, लाल म्हणजे राग. आत शिरताना आपल्या नावापुढे आपला चेहरा टांगायचा. भावना म्हणजे मशीनवरचा प्रेशर गेज, त्याच्याकडे बघितलं नाही तर एक दिवस पाइप फुटतो, असं एचआरच्या जिज्ञासा मॅडमनी आदल्या दिवशी दोन तास समजावलं होतं. शेवटी समोसे होते, त्यामुळे विषय सगळ्यांना पटला.

मनात काहीही असो, कामावर आलेला माणूस हिरवाच उचलणार. पहिल्या दहांनी हिरवे संपवले. त्यात सुपरवायझर शशिकांतही होता. पुढच्या दहांनी पिवळ्यावर भागवलं. बदलापूर गावातून येणाऱ्या हरेशची शेअर रिक्षा चौथ्या सीटसाठी थांबून राहिली, म्हणून तो एकविसावा. डब्यात नुसते लाल उरले होते. त्याने त्यातला एक टांगला आणि प्रेस चालू केला.

पाच मिनिटांत शशिकांतने प्रेस बंद केला. त्यात त्याचीही चूक म्हणता येत नाही. बारा वर्षं त्याला एकच शिकवण होती: मशीनला लाल टॅग दिसला की काम थांबवायचं, ब्रेकडाउनचा फॉर्म भरायचा, मूळ कारण सापडेपर्यंत कोणाला हात लावू द्यायचा नाही. आता टॅग माणसाला लागला होता. फॉर्म तोच होता.

"साहेब, हिरवे संपले होते," हरेश म्हणाला.

"ते फॉर्ममध्ये बघू. चल."

मॅडम साडेनऊला आल्या, तेव्हा त्यांच्या केबिनमध्ये हरेशला स्टुलावर बसवलं. फॉर्मची पद्धत अशी, की पाच वेळा 'का' विचारायचं आणि पाचव्या 'का'ला जे हाती लागेल ते मूळ कारण. पेन शशिकांतच्या हातात होतं.

"राग का आलाय?"

"मॅडम, मला राग नाय आलाय. खरंच हिरवे संपले."

"बरेच जण आधी नाहीच म्हणतात, दादा," जिज्ञासा मॅडम समजुतीने म्हणाल्या. "घाई नाही. सावकाश आठवा."

दहा मिनिटं हरेशने आठवलं. बाहेर त्याचा प्रेस बंद होता आणि त्याच्या वाट्याचे नग दुसऱ्याच्या नावावर चढत होते. "आता येतोय थोडा," तो म्हणाला.

"हा मशीन बंद केल्याचा. हा नंतरचा आहे," शशिकांत म्हणाला. "सकाळचा सांग."

तेवढ्यात हरेशचा फोन वाजला. पलीकडून त्याची आई मोतीबाई. शेतावरून बोलायची सवय असल्यामुळे तिचं बोलणं केबिनभर ऐकू आलं. "सुट्टी मिलाली का रं? परवा उन्नतीची हलद हाय. सख्खा भाऊ नाय दिसला तं मी लोकांना काय तोंड दाखवू?"

हरेशने फोन खिशात टाकला. बदलापूर गावात लोक हळदीचं जेवण विसरतात, पण भाऊ आला नव्हता हे विसरत नाहीत. मॅडमनी शशिकांतकडे बघितलं. शशिकांतने पहिल्या रकान्यात लिहिलं: बहिणीची हळद, सुट्टी नाही.

"सुट्टी का नाही?"

"मागितली नाय."

"का नाही मागितली?"

"नाय म्हणतील म्हणून."

"नाही म्हणतील असं का वाटलं?" मॅडमनी विचारलं.

"मागच्या महिन्यात सुजितने अर्ज दिला, तर हे साहेब सगळ्यांसमोर बोलले, कायमचाच घरी बस. तेव्हापासून अर्ज खिशात घेऊन फिरतोय, पंधरा दिवस झाले." त्याने तो काढून टेबलावर ठेवला. चौपदरी घडीच्या कडा फाटल्या होत्या. "हिरवे संपले होते ते खरंच आहे, मॅडम. पण हिरवा असता तर टांगला असता का, आता सांगता येत नाय."

पाचवा रकाना शशिकांतचाच होता. साहेब असं का बोलले? त्याने पेन टेकवलं, उचललं, परत टेकवलं.

"त्या दिवशी माझी रजा वरून परत आली होती," तो फॉर्मकडे बघत म्हणाला. "मुलीच्या शाळेत कार्यक्रम होता. तिने भाषण पाठ केलं होतं."

"का परत आली?" हरेशने विचारलं. त्याला आता सवय लागली होती.

"पाच झाले," जिज्ञासा मॅडम म्हणाल्या. "फॉर्म पाचापर्यंतच आहे. उपाय लिहा."

शशिकांतने उपाय लिहिला: शुक्रवारची एक दिवस रजा मंजूर. खाली सही केली. सव्वादहाला प्रेस चालू झाला आणि चहापर्यंत ही बातमी पूर्ण विभागात पोचली.

गुरुवारी लोक साडेसहालाच दाराशी हजर. पहिल्या दहांनी लाल उचलले. पुढच्या दहांनी हळहळत पिवळे घेतले. त्यात हरेशही होता. मिळालेली रजा हळद लागेपर्यंत खरी मानायची नाही, असं त्याने ठरवलं होतं. शशिकांत शेवटी आला. तीन तास प्रेस का बंद होता, यावर मॅनेजरने त्याला गेटपाशीच वीस मिनिटं झापलं होतं. त्याने डब्यात हात घातला. सगळे हिरवे.

त्याने एक टांगला.

जिज्ञासा मॅडमनी बोर्ड वरपासून खालपर्यंत वाचला. "शशिकांतसर, आज तुम्ही एकटेच बरे आहात," असं म्हणून त्यांनी दहा कोरे फॉर्म त्याच्या हातात दिले.

दहा फॉर्म, प्रत्येकी पाच 'का'. शशिकांतने स्टूल ओढलं, पेनचं टोपण काढलं आणि समोर बसलेल्या सुजितला शांत आवाजात विचारलं, "बोल बाबा. राग का आलाय?"