श्रीमंतांच्या आमटीतले मीठ उतरले त्याची हकीकत

श्री. शेगडीच्या जाळात वास करिते ती आदिशक्ती आणि डब्यांच्या फळीवर वास करिते ती अन्नपूर्णा, दोघींस प्रथम दंडवत. गणरायासही दंडवत, कारण मोदकाच्या उकडीत चिमूटभर मीठ पडते, सबब या प्रकरणातून तेही सुटत नाहीत. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, आषाढमासी जे वर्तमान घडले ते जैसे कानी आले तैसे, थोडे तिखटमीठ लावून, येथे लिहिले असे.

राज्याचे नाव कोणी विचारू नये. विस्तार तीन खोल्या आणि मुदपाकखाना, मजला तिसरा. चतुःसीमा ऐशी की, पूर्वेस बाल्कनी, तीत तुळस आणि वाळत घातलेले पंचे, पश्चिमेस जिना, दक्षिणेस लिफ्ट, ती बहुतकरून बंद, उत्तरेस शेजारच्या संस्थानाची भिंत, तिच्यातून त्यांच्या कुकरच्या शिट्या ऐकू येत. या राज्यावर श्रीमंत नरहरपंत राज्य करीत. पूर्वी सरकारी चाकरीत होते, तेथून पेन्शनीत आले, आणि तेव्हापासून आरामखुर्चीत बसून वर्तमानपत्रातील समस्त मुलखाचा कारभार पाहत. युवराज प्रातःकाळी कंपनीच्या चाकरीस जात ते दिवेलागणीनंतर येत, सबब या बखरीत त्यांचे काम नाही. पंतांची स्वारी मिठाची मोठी शौकीन. पानावर बसताच, घास मुखी घालण्याआधी, आमटी अळणी की खारट याचा काडीमात्र इन्साफ न करिता चिमूट भरून मीठ भातावर टाकीत, मग पापड, मग लोणचे, मग ताकात पुन्हा मीठ, आणि वर म्हणत, "हां, आता कुठे चव आली!" ऐसे पस्तीस-चाळीस वर्षे चालिले आणि कोणी हरकत घेतली नाही.

राणीसाहेब भागीरथीबाई मुदपाकाच्या सर्वाधिकारी. त्यांच्या आमटीची कीर्ती इतकी की शेजारणी चव बघण्यास म्हणून वाटी घेऊन येत आणि दुसरी मागून जात. त्या घराण्याचा कायदा ऐसा की देवास नैवेद्य दाखविल्यावाचून शिजले अन्न जिभेस लावू नये. त्यामुळे बाईसाहेब मीठ नुसते हाताच्या अंदाजाने घालीत, आणि उभ्या कारकिर्दीत तो अंदाज चुकला नव्हता. ही एकच दौलत त्यांची स्वतःची होती, आणि तिचा त्यांस मनातून मोठा ताठा होता.

मग एके दिवशी लिफ्ट बंद म्हणोन पंत भाजीची पिशवी घेऊन जिना चढिले आणि दुसऱ्या मजल्यावरच डोळ्यांपुढे काजवे चमकून खाली बसले. वैद्यराज आले, त्यांनी श्रीमंतांच्या दंडास पट्टा आवळिला, रबरी फुगा दाबिला, यंत्राकडे पाहिले, आणि पुन्हा पाहिले. "पंत, मीठ निम्म्यावर आणा," ते म्हणाले. "गोळ्या देतो, पण त्या एकट्या काय करतील? नाहीतर एक दिवस हात उचलायला जाल आणि हात ऐकणार नाही." पंत हसले. बाईसाहेब मात्र दाराआड उभ्या होत्या, त्या हसल्या नाहीत. कारण थोरले श्रीमंत, म्हणजे पंतांचे तीर्थरूप, भरल्या पानावर बसले असता असेच उजवीकडे कलले ते पुन्हा उठले नाहीत. त्या समयी बाईसाहेब नव्या सूनबाई होत्या, आणि पंगतीत मीठ वाढण्याचे काम त्यांजकडे होते. थोरले श्रीमंत "आणखी वाढ" म्हणाले आणि त्यांनी वाढिले. ही गोष्ट त्या आजवर कोणापाशी बोलल्या नव्हत्या, कोणी विचारलीही नव्हती.

मग बाईसाहेबांनी मुदपाकात हुकूम फिरविला की आजपासून आमटीत मीठ निम्मे, पापड बंद, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर. आणि तेवढ्यावर न थांबता देवापुढे उभे राहून नवस बोलिल्या की, स्वामींच्या रक्ताचा दाब उतरेतो मी आमटी जिभेस लावणार नाही. त्या दिवसापासून बिचाऱ्या नुसत्या दहीभातावर राहू लागल्या. दहीभात, वर मीठ, कडेस लोणच्याची मोठी फोड, आणि तळलेली सांडगी मिरची, म्हणजे घशाखाली उतरावा. त्यागाची सर्वत्र वाहवा जाहली.

परंतु हुकूम फिरला म्हणोन राज्य फिरते ऐसे नाही. पंतांच्या मातुश्री आईसाहेब वयाने नव्वदीस टेकलेल्या, कान कमी, दृष्टी कमी, लेकाच्या ताटावर मात्र नजर घारीची. त्या कडाडल्या, "माझ्या लेकाला अळणी घालतेस? घरात काय कोणी आजारी आहे?"

"अहो आई, तेच तर आजारी आहेत," बाईसाहेब म्हणाल्या.

"तो धडधाकट आहे. अळणी खाऊन पडेल आजारी." येणेप्रमाणे मातुश्रींनी उघड लढाई सोडून गनिमी कावा धरिला. पदराच्या गाठीत मीठ बांधावे, देवास दिवा लावण्याचे निमित्त करून मुदपाकातून जावे, झाकण उचलावे, आमटीत चिमूट सोडावी, आणि रामरक्षा म्हणत निघून जावे. आता वृद्धापकाळी चिमूट कोठे संपते आणि मूठ कोठे सुरू होते याचा हिशेब राहत नाही. इकडे पंतांचीही स्वारी, स्नान करून, पंचा नेसून, पाणी पिण्याच्या मिषाने मुदपाकात शिरे, आणि बाईसाहेब बाल्कनीत तुळशीस पाणी घालीत तेवढ्यात आपला हात मारून माघारी येई. मायलेकांस एकमेकांची खबर नव्हती. नैवेद्याचा कायदा असल्याने चाखून कोणी पाहत नव्हते. आणि नैवेद्यानंतर ज्यांनी चाखावयाचे त्या बाईसाहेब नवसात अडकल्या होत्या. मातुश्रींच्या जिभेस खारट आणि गोड यातला भेद उरला नव्हता.

राहिल्या सूनबाई शर्वरी, युवराजांच्या पत्नी, घरूनच कंपनीचे काम करीत आणि सर्वांबरोबर जेवीत. त्यांस आमटी खारट लागे, ऐशी की ओठ चुरचुरत. परंतु त्यांनी मनात म्हटले, सासूबाईंनी निम्म्या मिठाची दवंडी लोकांस दाखवण्यापुरती पिटली असेल, आतून नवऱ्याचा लाड चालूच आहे, आपण कशास मध्ये पडा? म्हणोन त्या तांब्याभर पाणी पिऊन उठत. आणि मौज ऐसी की पंत स्वतः, तीन हातांचे मीठ पडलेली ती आमटी भुरकून, तोंड वाकडे करून म्हणत, "अळणी! अगदी अळणी! हे काय जेवण आहे?" कारण त्यांस ठाऊक होते की ती अळणी आहे. हुकूमच तसा निघाला होता. मग पानातले मीठही वर टाकीत.

बाईसाहेब ते निमूट ऐकत. उभ्या हयातीत त्यांच्या आमटीस कोणी नाव ठेविले नव्हते, ते आता रोज ठेविले जाई, आणि जिच्या आमटीची वाटी शेजारी जाई तिने बाहेरचे दार लावून स्वयंपाक करावा ही वेळ आली. तरी त्या मनास समजावीत की, माझे नाव गेले तर जावो, माणूस राहो. मग वैद्यराज पुन्हा आले, पट्टा आवळिला, आणि त्यांचा चेहरा उतरला. दाब उतरण्याऐवजी चढला होता. "वहिनी, रागावू नका," ते म्हणाले, "पण पथ्य होत नाहीये. हे असंच राहिलं तर मी जबाबदार नाही." वैद्यराज जिना उतरल्यावर बाईसाहेब बाल्कनीत जाऊन ओल्या पंच्यात तोंड खुपसून रडल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून निम्म्याचेही निम्मे केले. मातुश्रींनी ते हेरले आणि आपली चिमूट दुप्पट केली.

ऐशियास श्रावण आला आणि नारळी पौर्णिमेस पंतांच्या भगिनी गोदूताई राखी बांधावयास आल्या. बाई रोखठोक, आवाज खणखणीत. राखी जाहली, ओवाळणी जाहली, नारळीभात जाहला, मग आमटीभात वाढिला. गोदूताईंनी पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे पांढरे जाहले. ठसका लागला, पाण्याचा तांब्या मागितला, तो सबंध प्याल्या, आणि मग गर्जल्या, "अगो वहिनी! आज समुद्राला नारळ वाहायचा असतो हे मला माहीत आहे, पण समुद्रच वाटीत आणून ठेवलास?"

आणि त्याच क्षणी, त्याच वाटीतली आमटी भुरकून, पंत म्हणाले, "अळणी."

गोदूताईंनी भावाकडे पाहिले, वाटीकडे पाहिले, पुन्हा भावाकडे पाहिले. "दादा, तुझी जीभ शाबूत आहे ना रे?" तेव्हा शर्वरीबाईंस राहवेना. त्या हळूच म्हणाल्या, "आई, मला तर रोजच खारट लागते. मला वाटलं, तुम्हीच बाबांसाठी..."

"मी?" बाईसाहेब उठून उभ्या राहिल्या. "अगं, मी तर चिमटीभर सुद्धा घालत नाही!" मग त्यांची दृष्टी फिरत फिरत मातुश्रींच्या पदराच्या गाठीवर थांबली, गाठीखाली लुगड्यावर पांढरी भुकटी सांडली होती. मातुश्रींनी पदर ओढून घेतला. "काय बघतेस? लेकरू उपाशी उठत होतं माझं," त्या म्हणाल्या. आणि मग पंतांनी घसा खाकरिला व ताटाकडे पाहत कबूल केले की, "थोडंसं मीही घालत होतो. अगदी थोडंसं."

मग बाईसाहेबांस जो राग आला तो त्या राज्याने आजवर पाहिला नव्हता. त्यांनी हातातला डाव खाली ठेविला आणि त्या बोलिल्या, "मामंजी पानावरून उठले नाहीत तेव्हा त्यांना मीठ मी वाढलं होतं. त्यांनी मागितलं आणि मी वाढलं. तुम्हाला कुणाला ठाऊक आहे? मला रोज आठवतं. रोज मिठाच्या डब्याला हात लावला की आठवतं. आणि तुम्ही दोघं माझ्या पाठीमागे तेच पान पुन्हा वाढताय."

कोणी घास उचलला नाही. मातुश्रींचे कान कमी खरे, परंतु हे त्यांनी अक्षरन् अक्षर ऐकिले होते, कारण ज्याचे पान ते, तो त्यांचा नवरा होता. मग त्यांनी पदराची गाठ सोडिली, उरले मीठ मोरीत झटकले, आणि म्हणाल्या, "तू नाही ग वाढलंस. ते मागतच असत. मीही त्यांना कधी नाही म्हटलं नाही." मग नाक पुसून त्यांनी राजमातेच्या अधिकाराने निवाडा दिला. "नैवेद्याच्या पानात मीठ वाढत नाहीत. उद्यापासून देवापुढचं पान उचलायचं ते नरहरीपुढे ठेवायचं. बघते कोण त्यात मीठ घालतो ते."

"अगं आई, देवाच्या पानात मीठ नसतं!" पंत कळवळले.

"म्हणूनच. देव इतकी वर्षं जेवतोय, एकदा तरी कुरकुरला का?"

या निवाड्यावर अपील नव्हते. देवाच्या पानात हात घालून मीठ टाकावे इतका धीट पंतांचा नास्तिकपणा नव्हता. बाईसाहेबांनीही धडा घेतला. एकदम निम्मे न करिता, कोणास कळणार नाही ऐशा बेताने, आमटीतले मीठ चिमटीचिमटीने उतरविले, आणि त्याची दवंडी पिटली नाही. आंबटास चिंच वाढविली, फोडणीस हिंग वाढविला, वरून ओले खोबरे पेरिले. पहिले काही दिवस पंत तोंड पाडून जेवले, मग मुकाट्याने जेवले, मग एकदा आमटी दुसऱ्यांदा मागितली आणि आपण मागितली हे त्यांच्या ध्यानातही आले नाही. भाऊबिजेस गोदूताईंकडे जेवावयास गेले तेथे पहिल्या घासास म्हणाले, "गोदे, किती खारट गं हे!" त्यावर गोदूताईंनी त्यांस ओवाळले, परंतु बोलल्या नाहीत.

मग वैद्यराज आले, पट्टा आवळिला, आणि हसले. दाब उतरला होता. बाईसाहेबांनी देवापुढे साखर ठेविली आणि नवस फेडावयास बसल्या. इतक्या दिवसांनी स्वहस्ते रांधलेली आमटी त्यांनी वाटीत घेतली. सगळे राज्य त्यांच्या तोंडाकडे पाहत उभे. त्यांनी घोट घेतला, भुवया चढविल्या, आणि म्हणाल्या, "अहो, ही अगदीच अळणी आहे!" आणि हात आपोआप मिठाकडे गेला. पंत हसले, शर्वरीबाई हसल्या, मातुश्रींनी काय जाहले ते विचारून मग हसून घेतले. वैद्यराज हसले नाहीत. त्यांनी पेटीत ठेविलेला पट्टा पुन्हा बाहेर काढिला. "वहिनी, हात पुढे करा बघू."

"मला काय झालंय? स्वयंपाक पडलाय माझा."

त्यांनी हात पुढे केला. यंत्रात जो आकडा आला तो पंतांच्या सर्वांत वाईट दिवशीही आला नव्हता. "याआधी कधी मोजला होता?" वैद्यराजांनी पुसिले. बाईसाहेब गोंधळल्या. "नाही बाई. कोण मोजणार?" त्यावर पंत बाईसाहेबांकडे पाहत राहिले. दहीभातावरले मीठ, लोणच्याची फोड, सांडगी मिरची, सगळे त्यांच्या डोळ्यांसमोरच गेले होते. ते उठले, देवघरात गेले, देवापुढचे पान आपल्या हाताने उचलून आणिले आणि दोघांच्या मध्ये ठेवून खाली बसले. "ये, बस," ते म्हणाले. "मीठ नाहीये त्यात. सवय होते, मी सांगतो ना."

मातुश्री पुटपुटल्या की नातवाचे लग्न जाहले आणि हे दोघे आता एका पानात जेवितात, लाज आहे की नाही. परंतु त्यांनीच स्टुलावर चढावयास निघून मिठाचा डबा वरच्या फळीवर ठेवण्याचा हट्ट केला, जेथे त्यांचा हात पोहोचत नाही, आणि शर्वरीबाईंनी तो ठेविला.

एवंच, राजाचे मीठ उतरले, राणीचे उतरते आहे, आणि देवाच्या पानावर आता दोघांचा हक्क आहे, त्याची देवाने तक्रार केलेली नाही. वैद्यराज आले की पट्टा आधी बाईसाहेबांच्या दंडास बांधला जातो. लेखकाची आमटी निवते आहे, सबब लेखणी ठेविली.