बारा बाय पंधराचा आरोग्यसंदेश

माणसाची सवय बदलणं हे जगातलं सर्वांत अवघड काम आहे. ती बदलली असं सिद्ध करणं त्या मानाने सोपं असतं, आणि पगार या दुसऱ्या कामाचाच मिळतो. एवढं कळायला महिपतीला एक अख्खा उन्हाळा लागला.

महिपती महाडच्या एका संस्थेत 'वर्तनबदल संवाद समन्वयक' होता. (हे पद कुणाला समजावता येत नसल्यामुळे त्याची आई पाहुण्यांना 'दवाखान्यात हाय' असं सांगून मोकळी व्हायची.) संस्थेने उमरठच्या वर डोंगरातली एक वाडी निवडली होती. तिथल्या बायका तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायच्या, कुटायच्या आणि सकाळी ओट्यावर रांगेने बसून ती मशेरी दातांना लावायच्या. सुनांची निंदा, मुंबईतल्या लेकांची काळजी, कुणाची गाय व्याली, सगळं त्याच बैठकीत उरकायचं. ही बैठक मोडायची, असं पुण्याच्या मुख्य कार्यालयाने ठरवलं. जूनपर्यंत मशेरी साठ टक्क्यांनी घटली तर महिपतीची नोकरी पुढे चालू. नाहीतर मुंबईला चुलतभावाच्या खोलीत सातवा माणूस म्हणून झोपायला जायचं. त्या खोलीत सहावा माणूसही आडवा मावत नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

संदेश शास्त्रशुद्ध होता. सडलेल्या तोंडाचा मोठा फोटो आणि खाली 'आजच सोडा'. लाल रंग किती लाल असावा यावर तज्ज्ञांच्या तीन बैठका झाल्या होत्या. महिपतीने तोंडातली तंबाखू थुंकली आणि पहिला फ्लेक्स वाडीच्या पारावर बांधला.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स पारावर नव्हता. सोनाबाईच्या गोठ्यावर होता.

गेल्या वादळात वाडीतल्या गोठ्यांचे पत्रे उडाले, तेव्हा विचारायला कुणी आलं नव्हतं. दातांचं विचारायला तीन गाड्या आल्या. तेव्हा सोनाबाईने गाड्यांतून जे आलं ते वापरलं. छापील बाजू उन्हाने खराब होते म्हणून चित्र आत आणि पांढरी बाजू वर, असा तिने तो ताणला. त्यामुळे ते सडकं तोंड बरोबर तिच्या म्हशीच्या डोक्यावर आलं. म्हैस दोन दिवस पान्हावली नाही. मग सरावली. (अहवालात याला 'संदेशाचा प्रारंभिक धक्का व तदनंतरची स्वीकृती' म्हटलं आहे.)

पाऊस जवळ आला तसं आरोग्यशिक्षणाचं महत्त्व वाडीला झपाट्याने पटू लागलं. कुणाला संदेश आठ बाय दहा हवा होता, कुणाला लाकडांवर टाकायला लांबट. म्हाताऱ्या चांगूने तर जन्मात मशेरीला बोट लावलं नसताना दोन संदेश मागितले, कारण त्याची गवताची गंजी मोठी होती. महिपतीने 'समुदायाकडून उत्स्फूर्त मागणी' असं कळवलं. पुण्याहून शाबासकी आली आणि मागोमाग फ्लेक्सचा गठ्ठा. अंतरिम निष्कर्ष असे निघाले :

पोहोच : सर्व घरं.
संदेशाखाली घालवलेला वेळ : बायका, धार काढण्यापुरता; म्हशी, रात्रंदिवस.
मोहिमेनंतर मशेरी लावणाऱ्या म्हशी : शून्य.

बायकांची बैठक मात्र ओट्यावर होती तशीच होती.

राहिली बयाबाई. वाडीत तिचा शब्द शेवटचा आणि गोठाही सर्वांत मोठा. तिला बारा बाय पंधरा हवा होता. तसा एकच फ्लेक्स होता, उद्घाटनाच्या मंडपातला, आणि महिपतीने तो दाबून ठेवला होता.

"मूल्यमापन झालं की देतो, आजी."

"म्हंजी मी काय करायचं?"

"पुण्याची बाई येईल. काल मशेरी लावली का, म्हणून विचारील. नाय म्हणायचं."

"आन लावली आसंल तं?"

महिपती डोंगराकडे बघत म्हणाला, "ते ती विचारणार नाय."

आणि ते खरंच होतं. मूल्यमापन 'स्वयंकथन' पद्धतीने व्हायचं होतं, म्हणजे माणूस सांगेल ते खरं. (ही पद्धत सर्वत्र मान्य आहे. तोंड उघडून बघणं महाग पडतं.)

सेजल मॅडम पुण्याहून आल्या त्या नेमक्या सकाळी, बैठकीच्या वेळी. रांगेतल्या प्रत्येकीचं बोट काळं होतं. सोनाबाई म्हणाली, नाय. तिच्या शेजारची म्हणाली, नाय. बयाबाईची पाळी आली तेव्हा तिचं तोंड भरलेलं होतं. ती सावकाश उठली, ओट्याच्या मागे जाऊन थुंकली, चूळ भरली, पदर सारखा केला आणि काळेभोर दात दाखवत बसली.

"नाय गो बाय. सोडली."

"कधी सोडली, आजी?"

"आत्ताच. त्या कापडावर लिवलंय ना, आजच सोडा. मी रोज सोडतंय."

सेजल मॅडमनी तिच्या बोटाकडे बघितलं. मग खालच्या रस्त्याकडे, जिथे गाडी उभी होती. त्यांचंही कंत्राट जूनमध्येच संपत होतं. त्यांनी लिहिलं : 'संदेश शब्दशः स्मरणात. दैनंदिन अंमलबजावणी.'

मशेरी अठ्ठ्याण्णव टक्के घटली. (उरलेले दोन टक्के म्हणजे चांगू. आकडा विश्वासार्ह वाटावा म्हणून त्याला 'होय' म्हणायला सांगितलं होतं. त्याबद्दल त्याने तिसरा संदेश घेतला.)

महिपतीची नोकरी राहिली. शब्द दिल्याप्रमाणे तो स्वतः बयाबाईच्या गोठ्यावर चढला आणि गालात तंबाखू धरून बारा बाय पंधरा चारी कोपऱ्यांनी ताणून बांधला. खाली ओट्यावर बायका मशेरी लावत बघत होत्या.

"ये रे महिपती," बयाबाईने खालून विचारलं, "पुढच्या वरसाला काय सोडायचं हाय? काय बी आण, पन कापड जरा जाड आण."

हसलात? हसा. मागच्या खेपेला डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं होतं, 'रोज चालायला जाता ना?' तुम्ही 'हो' म्हणालात आणि त्यांनी ते लिहून घेतलं. बयाबाईचा गोठा यंदा गळला नाही. तुम्हाला त्या 'हो'चं काय मिळालं?