नापास गव्हाणे गुरुजी

आमच्या शाळेत सगळ्यांत जास्त वेळा नापास झालेला माणूस म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक, गव्हाणे गुरुजी. ही निंदा नाही, जाहीर माहिती आहे. शाळेच्या कुंपणभिंतीवर, एसटी थांब्याच्या अगदी समोर, त्यांनी एक लांबलचक फळा रंगवून घेतला आहे आणि त्यावर ते स्वतःच्या हातानं लिहितात, ‘इयत्ता चौथी, भागाकार : गव्हाणे गुरुजी नापास.’ अक्षर इतकं सुरेख, की बसमधली माणसं माना बाहेर काढून वाचतात आणि पुढच्या गावात जाऊन सांगतात.

आमची शाळा कर्जत तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, दोन शिक्षकांची. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. मी नगरची. बदली होऊन इथं आले त्या दिवशी एसटी वाटेत पंक्चर झाली आणि मला पोचायला अकरा वाजले. संध्याकाळी परतीच्या गाडीची वाट बघत थांब्यावर उभी राहिले, तर समोर फळ्यावर माझीच बातमी. ‘नवीन बाई आल्या. उशिरा आल्या. कारण एसटी.’ थांब्यावरची दहा माणसं आधी फळ्याकडं बघत होती, मग माझ्याकडं.

दुसऱ्या दिवशी मी तणतणत गुरुजींसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाले, “कारण लिहिलंय ना? मग लपवायचं काय त्यात?”

हे त्यांचं पेटंट वाक्य. शाळेचं जे काही आहे ते गावाचं आहे, आणि गावाचं आहे ते गावाला कळलं पाहिजे, एवढीच त्यांची विचारसरणी. पट, हजेरी, अनुदान, खिचडी, कोण काय शिकलं, सगळं फळ्यावर. इतर शाळाही माहिती लावतात, नाही असं नाही. पण त्यांच्या माहितीत सगळं छान असतं. आमच्या फळ्यावर असं असायचं : ‘अनुदानातून कुलूप घेतलं. स्वस्त बघून घेतलं. पावसात गंजलं. चूक मुख्याध्यापकांची.’ किंवा, ‘आज खिचडी करपली. मावशींचा दोष नाही. गुरुजी त्यांच्याशी गप्पा मारत बसले होते.’ एकदा तर ‘आज तिसरीचा वर्ग झोपला. धडा कंटाळवाणा होता आणि गुरुजींनी तो आणखी कंटाळवाणा केला,’ असंही मी वाचलं आहे.

गाव या फळ्याला ‘शाळेचा सातबारा’ म्हणतं. थांब्याजवळच नानांचं चहाचं हॉटेल आहे. तिथं सकाळी पेपरच्या आधी फळा वाचला जातो. फळ्यावर खोटं नसतं, हे गावात उन्हाळा-पावसाळ्याइतकं पक्कं ठाऊक झालेलं. दोन गड्यांची पैज लागली आणि एकानं ‘फळ्यावर लिवलंय’ असं सांगितलं, की दुसरा मुकाट्यानं चहाचे पैसे देतो.

राहता राहिली ती नापासाची भानगड. एखाद्या मुलाला एखादी गोष्ट येत नसेल तर त्याचं नाव गुरुजी कधीच लिहीत नाहीत. पण जे येत नाही ते लपवायचंही नाही. मग लिहायचं काय? तर मुलांना भागाकार येत नाही, म्हणजे गुरुजींना शिकवता आला नाही, म्हणजे गुरुजी नापास. मी म्हटलं, अहो, हे जरा अतीच होतंय. तर म्हणाले, “पोराचं नाव लिहिलं की पोरगं संध्याकाळी घरी मार खातं. मला कोण मारणार? घरी मी एकटाच.” हे सांगताना ते हसत होते म्हणून मीही हसले.

पण गावानं ते अक्षरशः घेतलं. गव्हाणे गुरुजींना भागाकार येत नाही, अशी गावाची ठाम समजूत झाली, कारण फळ्यावर खोटं नसतं. कुणी रागावलं नाही. उलट सगळ्यांना त्यांची दया आली. एक म्हातारे शेतकरी गुरुजींना रस्त्यात थांबवून, बांधावर बसवून समजावू लागले, “लई अवघड न्हाई त्यात, गुरुजी. पोरान्ला बोरं वाटत्यात न्हवं, तसं करायचं. उरंल ते आपल्या खिशात.” गुरुजींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि वर आभार मानले. नाना तर त्यांचा चहा झाला की सुटे पैसे त्यांच्या हातात हळूहळू मोजून द्यायचे, मास्तरांची फसगत होऊ नये म्हणून.

शेवटी कुणीतरी पंचायत समितीत अर्ज ठोकला, की ‘मुख्याध्यापकांस भागाकार येत नसल्याचे त्यांनी स्वतः जाहीर केले असून चौकशी व्हावी.’ विस्तार अधिकारी आले. भले गृहस्थ, पण पेचात पडलेले. त्यांनी वर्गातल्या फळ्यावर एक मोठासा भागाकार मांडला आणि खडू गुरुजींपुढं धरला. गुरुजींनी तो सोडवला, ताळाही करून दाखवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

“मग येतो की तुम्हाला,” साहेब म्हणाले.

“मला येतो, साहेब. पण यांना अजून नाही आला. मग नापास कोण?”

साहेबांना नियमात यावर काही सापडेना. अखेर शेरेबहीत ‘शाळेचा फलक वाचनीय आहे’ असं लिहून, खिचडी खाऊन ते गेले. गुरुजींनी संध्याकाळी फळ्यावर लिहिलं, ‘साहेब येऊन गेले. चौकशी झाली. गुरुजी नापासच.’

हे सगळं गमतीचं वाटत होतं ते दसऱ्यापर्यंत. दसरा झाला की आमच्या भागातली कितीतरी घरं ऊसतोडीला निघतात. ट्रक येतात, चुली, कोंबड्या, शेळ्या, लेकरं सगळं चढतं आणि वर्गात जागा रिकाम्या होऊ लागतात. गुरुजी त्या दिवसांत चिडके होतात. घरोघर फिरतात, पोरं आजी-आजोबांपाशी ठेवा म्हणून विनवतात. कुठं जमतं, कुठं जमत नाही.

त्या वर्षी चौथीत सोनाली होती. चुणचुणीत पोरगी, पाठ्यपुस्तक संपवून माझ्या दुसरीच्या मुलांनाही गोष्टी वाचून दाखवायची. अडली होती ती फक्त भागाकाराला. तिचे वडील बबन आणि आई मंदा ट्रक यायच्या आदल्या दिवशी शाळेत आले. बबनचं म्हणणं सरळ होतं. धाकटं लेकरू लहान आहे, कोपीवर, तळावरच्या पाचटाच्या झोपडीत, त्याला सांभाळायला कुणीतरी हवं. पोरीला लिहिता-वाचता येतं. आता आणखी काय शिकायचं राहिलं? मंदा वर्गाच्या दारात पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

गुरुजी म्हणाले, भागाकार राहिलाय.

बबन विचारात पडला. भागाकार त्यालाही हवा होता. टोळीत आलेल्या पैशाची कोयत्यांमध्ये, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्यांमध्ये वाटणी होते, ती मुकादम कशी करतो हे त्याला कधीच उमगलं नव्हतं. घरात कुणाला तरी ते कळावं असं त्याला वाटत होतं. पण त्यानं शंका काढलीच, “तुमालाच येईना, तर तिला कवा येनार?”

मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात गुरुजी नरमाईनं म्हणाले, “म्हणूनच म्हणतो, बबनराव. थोडी सवड द्या. तिला आजीपाशी ठेवा. मी पास झालो की फळ्यावर लिहीन. मग घेऊन जा.”

फळ्यावर म्हटल्यावर बबनला पटलं. तो म्हणाला, “भागाकार येईस्तोवर ठिवतो. आला की सुट्टीच्या दिशी येऊन घिऊन जाईन.” आणि ट्रक गेला. सोनाली राहिली. मंदा ट्रकच्या मागच्या फळीला धरून बसली होती, ती शेवटपर्यंत शाळेकडंच बघत होती.

बबन साखर कारखान्याच्या तळावरून नानांच्या हॉटेलात फोन करायचा. नाना कानाला मोबाईल लावून बाहेर येत, फळ्याकडं बघत आणि कळवत, “न्हाई बा. नापासच हायत अजून. लई कच्चं हाय मास्तर.”

संक्रांतीच्या सुमाराला मी एकदा मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून चालले होते. सोनाली फरशीवर खडूनं भागाकार मांडून बसली होती. मी वाकून पाहिलं. बरोबर. मी दुसरा घातला, जरा तिरका. तोही बरोबर, बाकीसकट. तिसऱ्याला तर तिनं मलाच ‘थांबा म्याडम, शून्य ऱ्हायला तुमचा’ म्हणून सुनावलं. मला इतका आनंद झाला की मी तशीच खडू घेऊन कुंपणाकडं धावले. फळ्यावर अजून ‘नापास’ होतं. मी ते पुसायला हात उचलला, तर मागून गुरुजींनी मनगट धरलं. आजवर त्यांनी कधी कुणाचा हात धरल्याचं मला आठवत नाही.

“राहू द्या, बाई.”

“अहो, तिला येतो भागाकार.”

“दिवाळीपासूनच येतो.”

ज्या माणसानं करपलेली खिचडी लपवली नाही, तो दिवाळीपासून रोज सगळ्या गावासमोर धडधडीत खोटं लिहीत होता. मी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं, “गुरुजी, लपवायचं काय त्यात?”

ते कुंपणाच्या कट्ट्यावर बसले. थांब्यावर कुणी नव्हतं. त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण मला ते दुसऱ्या शब्दांत सांगता येणार नाही.

“माझी थोरली बहीण, अक्का. आम्ही एकाच वर्गात होतो, तिला उशिरा घातली होती. तिसरीत ती पहिली आली आणि मी कसाबसा वर चढलो. वडील मास्तरांना म्हणाले, ‘हिला आलं समदं. आता हिचं काय काम शाळंत? ह्या गड्याला काय येईना, ह्याला ऱ्हाऊ द्या.’ मी ढ होतो म्हणून शाळेत राहिलो, बाई, आणि मास्तर झालो. अक्का हुशार निघाली म्हणून ऊस तोडायला गेली.”

मी विचारलं, अक्का आता कुठं असतात?

“गेली दोन वर्षांखाली. तिनं मला कधी बोल लावला नाही. लावायला पाहिजे होता.”

मी खडू खिशात घातला. त्या दिवशी मला या माणसाचा राग आला होता का, की आणखी काही, ते मला आजही नीट सांगता येत नाही. एवढं खरं, की त्यानंतर त्यांच्या एकट्या घरासाठी माझ्या डब्यात एक भाकरी जास्तीची येऊ लागली आणि ‘बाईंची भाकरी जाड असते’ असं त्यांनी फळ्यावर लिहिलं तरी मी भांडले नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात मंदाचा फोन आला. आम्ही डबे खात बसलो होतो. गुरुजींना एका कानानं कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर. तळावरचा गलका, बैलांच्या घंटा, कुणाचं तरी रडकं लेकरू, सगळं आमच्या खोलीत येत होतं.

“गुरुजी, झाला का पास?” मंदानं विचारलं.

गुरुजींनी माझ्याकडं न बघता सांगितलं, “नाही हो ताई. अवघडच जातंय.”

एवढ्यात आईचा आवाज ऐकून सोनाली आत धावली आणि फोनवर वाकून एका दमात बोलून गेली, “आये, मला मोठमोठं भागाकार येत्यात. म्याडमचा बी चुकला, मी धरला.”

गुरुजींचा घास हातातच राहिला. पलीकडं नुसता गलका ऐकू येत होता. बबन शेजारी असेल, त्यानं ऐकलं असेल, तर रविवारी येऊन पोरीला घेऊन जाणार. सोनाली आमच्या तोंडाकडं बघू लागली. आपलं काय चुकलं ते तिला कळेना.

मग मंदाचा आवाज आला, अगदी हळू, फोन तोंडाशी धरून बोलल्यासारखा.

“सोने, हे आनखी कुनाला सांगू नगंस. तुज्या बापाला तर न्हाईच. त्ये उसाच्या फडात गेल्यात.” मग म्हणाली, “गुरुजी, ऐकताय न्हवं? मला ठाव हाय समदं. दिवाळीला फोनवर तिनंच सांगितलं हुतं. तुमी फळ्यावर पास लिवलं तर न्हाई ना, येवढंच बघत हुते. तुमी काय बी घाई करू नगा. आमी माघारी येईस्तोवर नापासच ऱ्हावा.”

गुरुजींनी चष्मा काढला, परत घातला. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसले.

“ऱ्हातो, ताई,” ते म्हणाले.