सासूबाईंच्या पाठीवरची वायर

"ज्या वायरीसकट आमच्या आई झोपतील, तिच्यासकट जगातलं कुणीही झोपेल," असं मालकांना ठणकावून सांगून वहिनींनी नमुन्याची वायर पर्समध्ये टाकली आणि भर दुपारी कारखान्यातून बाहेर पडल्या.

कारखाना कसला, एक लांबट खोली. मालक, वहिनी आणि आणखी चौघीजणी. कपड्याला जसा शिंपी, तसा वायरीला हा कारखाना. गिऱ्हाइकाने गरज सांगायची, यांनी बेतून द्यायचं. बेकरीच्या भट्टीला आच सोसणारी वायर, लिफ्टला दिवसभर वरखाली लोंबकळून न तुटणारी, पाण्यातल्या पंपाला पाणी न पिणारी. सगळ्या जमल्या. घोडं अडलं ते हॉस्पिटलच्या वायरीपाशी. छातीला चिकटवायच्या पाच बारीक वायरी, पुढे एकत्र येऊन मॉनिटरला जाणाऱ्या. वहिनींनी भांडून हे काम आणलं होतं आणि दोन नमुने परत आले होते. पेशंट झोपेत वायर ओढून काढायचा, मशीन बोंबलायचं, सिस्टर धापा टाकत यायच्या, तर पेशंट आपला सुखाने घोरतोय!

शेवटी हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी निक्षून सांगितलं होतं, की वायर लावून कुणीतरी झोपून उठलं पाहिजे आणि त्याला ती जाणवता कामा नये. तसं माणूस सापडलं तरच संध्याकाळी या, नाहीतर येऊ नका. मालकांनी त्यावर आपली भर घातली. हाही नमुना परत आला तर हॉस्पिटलचं काम कायमचं बंद, सगळ्यांनी मुकाट वॉशिंग मशीनच्या वायरी करायच्या.

वहिनी तिसऱ्या नमुन्यावर जीव टाकून बसल्या होत्या. आत केसासारखे तांब्याचे तंतू, वर सायीसारखं मऊ सिलिकॉन, पाच वायरींचा जोड शेंगदाण्याएवढा. आता हवं होतं ते फक्त एक नाजूक अंग. आणि त्या बाबतीत घरातच खाण होती. गादीखालच्या चादरीची सुरकुती सासूबाईंना गादीवरून कळे. शेजारच्या खोलीत डास बसला तरी यांना चावे. आजवर तीन उश्या, दोन स्वेटर आणि एक डॉक्टर त्यांनी टोचतात म्हणून परत पाठवले होते.

"मी काय उंदीर आहे का, माझ्यावर प्रयोग करायला?" सासूबाईंनी विचारलं.

वहिनींनी समजावलं, की उंदराचं काय, कुठलाही चालतो. इथे दर्दी कातडी लागते. हे सासूबाईंना तत्काळ पटलं. दुपारची झोप तशीही ठरलेलीच होती. वहिनींनी वायरींच्या टोकाच्या पाचही चिकट टिकल्या छातीवर लावल्या, हातात येऊ नये म्हणून वायर गाउनच्या गळ्यातून मागे पाठीवर सोडली, आणि प्लगचं टोक उशीशेजारी ठेवलं. मग स्वतः स्वयंपाकघरात, दारातून पलंग दिसेल अशा टेबलाशी पहारा द्यायला बसल्या. कुठे हात जातो, कुठे कूस बदलते, सगळं टिपायचं होतं. आठवडाभर डोळे फोडून काम केलेली बाई, दुपारची शांतता, आतून सासूबाईंचं लयीत घोरणं. कोण कधी झोपलं ते पंख्यालाच ठाऊक.

वहिनी दचकून उठल्या तेव्हा पलंग रिकामा होता. शाल खुंटीवर नव्हती. चपला दारात नव्हत्या. आणि वायरही नव्हती.

आधी काळजी सासूबाईंची वाटली की वायरीची, हे त्यांना त्या क्षणी कुणी विचारलं नाही ते फार बरं झालं.

घडलं होतं असं. सासूबाई उठल्या, त्यांना ताजंतवानं वाटलं, त्यांनी गाउनवर शाल घेतली आणि रोजच्यासारख्या बागेकडे फिरायला निघाल्या. शालीखालून दोन हात वायर फरफटत होती आणि टोकाचा प्लग फुटपाथवर टकटक करत चालला होता. तो आवाज मागून कुणीतरी काठी टेकत येतंय असा वाटून त्यांनी दोनदा बाजूला होऊन वाटही दिली म्हणे.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने हे दृश्य पाहिलं आणि काउंटर ओलांडून धावला. त्याने अदबीने खुर्ची दिली आणि कुठल्या वॉर्डातून आलात म्हणून विचारलं. सासूबाई म्हणाल्या, मी ठणठणीत आहे. पळून आलेले सगळे असंच म्हणतात, हे औषधवाल्याला अनुभवाने माहीत होतं. ते त्याने बोलून दाखवलं. सासूबाईंचा आवाज चढला, चेहरा लाल झाला. मग जमलेल्या चारचौघांनाही खात्री पटली, की वेळ अगदीच थोडा आहे. अ‍ॅम्ब्युलन्स आली.

वहिनी कोपऱ्यावर पोचल्या तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्सचा फक्त आवाज शिल्लक होता, आणि ती मेट्रनबाईंच्याच हॉस्पिटलात गेल्याचं औषधवाल्याकडून कळलं. तेवढ्यात मालकांचा फोन. ते हॉस्पिटलच्या दारात उभे होते, मेट्रनबाई घड्याळ बघत होत्या, आणि नमुना कुठाय?

"निघालाय," वहिनी धावता धावता म्हणाल्या. "अ‍ॅम्ब्युलन्सने येतोय."

"अहो, रिक्षा चालली असती!" मालक म्हणाले.

हॉस्पिटलात सासूबाई सांगून दमल्या, की मी तुमची पेशंट नाही. वॉर्डातल्या सिस्टरने वाद घातला नाही. तिने प्लग उचलला, मॉनिटरला लावला, आणि तो खट्‌कन बसला. बसणारच! वहिनींनी तो याच मशीनसाठी बेतला होता. वायर आमची, म्हणजे पेशंटही आमचाच, असं म्हणून सिस्टरने सासूबाईंना आडवं केलं आणि कुठला पलंग रिकामा दिसतोय ते शोधायला माणसं पळाली. मशीनवर सासूबाईंचं काळीज हिरव्या रेषेत टुणटुण उड्या मारू लागलं.

वहिनी, मालक आणि मेट्रनबाई एकाच वेळी आत शिरले. वहिनींनी एका दमात सगळं सांगून टाकलं, स्वतःच्या झोपेसकट. मालकांनी कपाळाला हात लावला. मेट्रनबाईंनी हिरवी रेष पाहिली, टिकल्या पाहिल्या, अर्धा रस्ता फरफटत आलेली वायर बोटांतून टोकापर्यंत फिरवली. मग पलंगाशी जाऊन त्यांनी विचारलं, "आजी, काही टोचलं, ओढलं, त्रास झाला?"

सासूबाईंनी तोंड उघडलं. स्ट्रेचर कडक. चादरीला सुरकुती. उशीला औषधाचा वास. त्या सिस्टरचे हात बर्फासारखे. औषधवाल्याची खुर्ची तर बोलायलाच नको.

"आणि वायर?"

सासूबाईंनी मेट्रनबाईंकडे, मग सुनेकडे पाहिलं. "कसली वायर?"

वहिनी पलंगाच्या कडेवर बसल्या. मग एकदम आठवल्यासारखा सासूबाईंचा हात छातीवर गेला. "अगंबाई, ती अजून आहे होय?"

मेट्रनबाई हसल्या. त्यांना हसताना त्या वॉर्डाने पहिल्यांदाच पाहिलं असावं. काम तुमचं, त्या म्हणाल्या, पण एका अटीवर. दर नवा माल इकडे येण्याआधी याच आजींच्या अंगाने पास झाला पाहिजे. दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही.

मालकांनी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. कारखान्यात कोपऱ्यात पलंग आला, पडदा आला. सासूबाईंनी पगार ठरवला आणि गादी दोनदा बदलून घेतली. आता त्या सकाळी सुनेबरोबर कामावर जातात, टिकल्या लावून झोपतात, उठतात, आणि चौघीजणी हातातलं काम थांबवून त्यांच्या तोंडाकडे बघत राहतात.

पहिल्या दिवशी दोघी संध्याकाळी बरोबरच घरी आल्या. दिवसभर टेबलावर वाकून वहिनींची मान आखडली होती. त्यांनी चपला काढायच्या आत सासूबाई खुर्चीत बसल्या, पाय लांब केले आणि डोळे मिटून म्हणाल्या, "जरा चहा टाक गं. कामावरून दमून आलं ना, की काही करायचं त्राणच उरत नाही. तुला नाही कळायचं."