एका हाताची राखण

मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हे मी नाही, अख्खा गाव म्हणतो. म्हणजे, मी त्यांना म्हणायला लावतो. दुधात पाणी किती, मेकॅनिकच्या बोलण्यात खोटं कुठं आणि घरी आलेल्याच्या पोटात काय, हे मला वासावर कळतं. त्यामुळं माझी बायको पूर्णिमा जिल्हा परिषदेवर निवडून आली तेव्हा मी मनाशी म्हटलं, उदयसिंह, आता तुझ्या गुणांचं चीज होणार.

आमचा मतदारसंघ महिलांसाठी राखीव झाला म्हणून ती उभी राहिली. प्रचारात लोक मलाच विचारायचे, "ताई निवडून आल्या की कारभार तुमीच बघणार न्हवं?" मी नुसता हसायचो. पण पहिल्याच दिवशी शिपायानं मला सभागृहाच्या दारात अडवलं. आत फक्त सदस्य, म्हणाला. सदस्याचा नवरा असं पद कायद्यात नाही म्हणे! मी ठरवलं, आत नाही तर नाही, बाहेरून सांभाळू.

आणि सांभाळण्यासारखं होतंच. सोमवारी अध्यक्षांची निवड होती. आता ही निवड तुम्ही-आम्ही करत नाही. निवडून आलेले सदस्य सभागृहात हात वर करतात आणि अधिकारी ते हात मोजतात. ज्यांचा अध्यक्ष, त्यांची स्थायी समिती. मागोमाग बांधकाम, शिक्षण, महिला-बालकल्याण अशा समित्यांचे सभापतीही बहुधा त्यांचेच. म्हणजे जिल्ह्याचे रस्ते, शाळा, दवाखाने सगळं त्या हातांवर. आणि आमच्या आघाडीकडं समोरच्यांपेक्षा एकच हात जास्त होता.

आमचे उमेदवार आण्णा. त्यांचा रोज फोन यायचा. "उदयसिंह, ताईंचा हात जपा. पावणं येतील, ग्वाड बोलतील. कुणावर इश्वास ठिवू नगा."

मी कुणावरच ठेवला नाही. दूधवाल्यानं "वैनी हायत का?" असं विचारलं, मी दूधवाला बदलला. शेजारच्या बाळाबाईंनी आंबोळ्या पाठवल्या, त्या मी आधी कुत्र्याला घातल्या. कुत्रा आणखी मागायला लागला तरी माझी खात्री पटेना.

"हात माझा हाय, मी बघून घेते. तुमी जरा गप बसा," पूर्णिमा म्हणाली. मला तिचाही थोडा संशय आला.

या धामधुमीत माझ्याच घरात दुसरं एक काम चाललं होतं आणि ते माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. आमची एकुलती एक वर्षाराणी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत इंजिनिअर आहे. तिथंच नोकरी करणारा इचलकरंजीचा राजवीर तिला पसंत पडला होता. घरचे यंत्रमाग, पोरगं निर्व्यसनी. पूर्णिमानं सगळी चौकशी केली होती आणि त्याच्या घरचे बोलायला येणार होते. हे तिनं मला सांगितलं होतं म्हणे. पण तेव्हा मी आण्णांशी फोनवर बोलत होतो. माझ्या कानात शिरलं ते शेवटचं एवढंच : "रविवारी इचलकरंजीचं पावणं येणार हायत. नीट बोला."

आले, मी म्हटलं. शेवटी आलेच!

रविवारी नेमकी एका वाडीची पाण्याची मोटार जळाली आणि पूर्णिमा तिकडं गेली. तेवढ्यात पावणं हजर. पुढं बोलके गुंडूतात्या. मागं त्यांचे थोरले बंधू, एकदम अबोल, मांडीवर फुगलेली कापडी पिशवी. माझी नजर पिशवीवरून हलेना.

"आमाला आडपडदा ठिवून बोलाय जमत न्हाय," तात्या म्हणाले. "हात मागायला आलोय."

मी गार पडलो. इतका उघडउघड सौदा मी आयुष्यात बघितला नव्हता.

"एवढा हात आमच्या पोराला दिलासा की उपकार इसरणार न्हाय."

"आणि त्याच्या बदल्यात?" मी डोळे बारीक केले.

"बदल्यात आमाला कायबी नको. उलट सगळा खर्च आमीच करतो."

"ते कळालं. पिशवीत काय हाय?"

थोरल्यांनी पिशवी पोटाशी धरली. "ते ताई आल्यावर. त्यांच्याच हातात द्यायचं हाय."

आता माझा संयम सुटला. "पावणं, तुमी उशिरा आलासा. हात आण्णांना दिलाय."

"कोण आण्णा?"

"आमचं आण्णा. उद्या सगळ्यांच्या समोर हुणार हाय. अख्ख्या जिल्ह्याला म्हायती हाय की."

"उद्या?" तात्यांनी भावाकडं बघितलं. "वय काय म्हणायचं त्यांचं?"

"असंल पासष्ट."

थोरल्यांना ठसका लागला. मी पाणी पुढं केलं, पण पिशवीवरची नजर काढली नाही.

"आवो, आमचं पोरगं अठ्ठावीसचं हाय," तात्या कळवळून म्हणाले.

"असू दे. ह्या कामाला अनुभव लागतोय. आण्णांची ही चौथी खेप हाय."

"चौथी?"

"पैल्या तिन्ही येळंला आदल्या राती कुणीतरी पळवून नेलं. म्हणून तर ह्या खेपंला मी सवता राखणीला बसलोय."

तात्यांनी कपाळाचा घाम पुसला. "आणि जिचा हात, तिला इचारलंसा का?"

"तिला काय इचारायचं? ह्या घरात मी सांगतो तसं हुतंय."

दोघंही ताडकन उठले. त्याच वेळी वर्षाराणी पोह्यांच्या बश्या घेऊन दारात आली. सगळं ऐकलं होतं तिनं. "पप्पा, मी त्या आण्णांशी लगीन करणार न्हाय," ती म्हणाली.

मला कळेना, हिच्या लग्नाचा इथं काय संबंध? मग तिच्या भरल्या डोळ्यांकडं बघितलं, दाराकडं निघालेल्या पावण्यांकडं बघितलं, आणि कळलं, ते कुणाचा हात मागायला आले होते. कधी नव्हे ते पोरीनं स्वतःसाठी काहीतरी मागितलं होतं आणि मी ते दारातूनच परत लावत होतो. "थांबा," असं म्हणत मी उठलो.

पावणं उंबऱ्यात पोचले तेवढ्यात पूर्णिमा आली. चपला चिखलानं भरलेल्या.

"ताई, पोरगी पासष्टीच्या म्हाताऱ्याला द्यायची हुती तर आमाला बोलवायचं कशाला?" तात्या म्हणाले. "त्येबी चौथेपणावर?"

पूर्णिमानं पोरीकडं बघितलं, मग माझ्याकडं. संसार जुना असला की काही विचारावं लागत नाही.

"ते माझ्या मताबद्दल बोलत हायत," ती म्हणाली. "उद्या अध्यक्षाच्या निवडीला मी हात वर करणार, तो हात. आण्णांचं लगीन कवाच झालंय, नातवंडं हायत त्यांना." मग माझ्याकडं वळून, आवाज न चढवता, "तुमी आत जावा आणि च्या टाका. साखर बेताची."

मी गेलो. आधण ठेवलं, आलं ठेचलं आणि कान बैठकीकडं लावला. पूर्णिमा हळू आवाजात सगळा घोळ समजावून सांगत होती. मग कुणीतरी खो खो हसायला लागलं. ते अबोल थोरलेच होते.

चहा घेऊन बाहेर आलो तेव्हा पिशवी उघडी होती. आत साडी होती, नारळ होता. वर्षाराणी पाटावर बसली होती आणि माझ्याकडं बघत नव्हती.

"ताई, आता खरं सांगतो," तात्या कप उचलत म्हणाले. "घरातनं निघताना आमाला एकच शंका हुती. बाई निवडून येती आणि कारभार नवरा करतोय, हे लई ठिकाणी बघितलंय. म्हटलं, असला व्याही गळ्यात पडला तर आमच्या घरातबी सभा भरवंल. मगाशी हे म्हणालं, ह्या घरात मी सांगतो तसं हुतंय. तवा तर आमी उठलोच."

त्यांनी सावकाश एक घोट घेतला.

"पण तुमी च्या टाका म्हणालासा आणि हे मुकाट्यानं गेलं. शंका फिटली. पोरगी पसंत हाय."

लग्न ठरलं. दुसऱ्या दिवशी आण्णाही अध्यक्ष झाले. वर्षाराणी आता माझ्याशी बोलते, आणि तिला खूश बघून मलाही बरं वाटतं. फक्त लग्न कसं जमलं असं कुणी विचारलं, तर मी पत्रिका जुळली म्हणून सांगतो.