उणे दोनशे त्र्याहत्तर अंशांचा चहा

टेबलावर तीन संगणक होते, एक अडॅप्टर, चार केबली (त्यातल्या दोन निकामी), एक थर्मामीटरची सळई, ती जिच्यात बुडवली होती ती चहाची कपबशी आणि दिवा असलेलं एक भिंग. भिंगामागे एक डोळा होता. डोळा दोषशोधकांचा होता.

"या डोळ्यातून आजवर एकही दोष सुटलेला नाही," दोषशोधक म्हणाले. "लोक गुन्हेगारामागे धावतात. मी बसून राहतो. शेवटी गुन्हेगारालाच कंटाळा येतो."

सहायिकेने मान डोलावली. कंटाळ्याबद्दल तिचं दुमत नव्हतं.

'दोषशोधक' ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केली होती. तापमान मोजणारे अडॅप्टर बनवणारी ही छोटी कंपनी त्यांच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे ताईंची. भावाला कुठेतरी बसवायला हवं म्हणून ताईंनी त्याला इथे बसवलं होतं, आणि कोणीतरी कामही करायला हवं म्हणून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन आलेल्या सहायिकेला त्याच्या शेजारी.

सकाळीच ताई किल्ली नाचवत आल्या होत्या. "चार वाजता रोपवाटिकेच्या बाई येतायत. त्यांच्याकडे तीन तऱ्हेचे संगणक आहेत. तिन्हींवर तुझी लायब्ररी चालली, तर माडीवरची प्रयोगशाळा तुझी. एकटीची. नाही चालली, तर..." त्यांनी भावाकडे एक कटाक्ष टाकला. "आहेस तिथे आहेस."

तेव्हापासून सहायिका यंत्रांपुढून उठली नव्हती.

लायब्ररी म्हणजे अडॅप्टर आणि संगणक यांच्यातला दुभाषा. मजकूर एकच, पण प्रत्येक संगणकावर तो वेगळा कंपाइल करावा लागतो, म्हणजे त्या यंत्राच्या पचनी पडेल असा शिजवावा लागतो. तिन्ही यंत्रांवर ज्याची त्याची चित्रं चिकटवलेली असल्याने त्यांना खिडकी, सफरचंद आणि पेंग्विन अशीच नावं पडली होती. काल तिघांनीही वाफाळत्या चहाचं तापमान उणे २७३.१५ अंश सांगितलं होतं. विश्वात याहून गार काही असू शकत नाही. चूक सहायिकेची होती, एका ओळीची. आज तिने ती ओळ तिन्ही यंत्रांवर बसून दुरुस्त केली. खिडकी सुधारली. सफरचंद सुधारलं. पेंग्विन मात्र उणे २७३.१५ वर ठाम होता. पुन्हा कंपाइल करायला सांगितलं की म्हणायचा, "करण्यासारखं काही नाही, सगळं झालेलं आहे."

"अगदी आमच्या मेव्हण्यांसारखं बोलतोय," दोषशोधक म्हणाले. "म्हणजे खोटं."

"सर, इंटरनेट जोडून जरा शोधलं असतं तर..."

"कालच कापलंय मी, तिघांचंही. संशयितांचा बाहेरच्या जगाशी संपर्क नको. रात्री तिघांचे प्लगही उपटून ठेवले होते. नजरकैद म्हणजे नजरकैद!" त्यांनी भिंगाचा दिवा लावला. लख्ख उजेड पडला. "उपपत्ती पहिली. यंत्र निर्दोष आहे. चहाच गार आहे."

त्यांनी पुरावा म्हणून एक घोट घेतला. पुढचा काही वेळ ते जीभ बाहेर काढून बसले होते.

"उपपत्ती दुसरी," जिभेने परवानगी देताच ते म्हणाले. "पेंग्विन हा प्राणी बर्फातला. थंडी सांगणारच. रक्तातच आहे त्याच्या."

"ते चित्र आहे, सर."

"चित्रं उगाच चिकटवत नाहीत. बरं, तिसरी. खिडकी आणि सफरचंद यांनी संगनमत केलंय. खरा आकडा एकटा पेंग्विन सांगतोय."

"मग तुमची जीभ कशाने भाजली?"

दोषशोधकांनी हा प्रश्न निकालात काढला, म्हणजे ऐकलाच नाही. घड्याळात साडेतीन वाजले होते. सहायिकेने फाइल चौथ्यांदा उघडली. दुरुस्त ओळ जागच्या जागी होती. तिने ती पुसून पुन्हा लिहिली, सेव्ह केली. करण्यासारखं काही नाही, पेंग्विन म्हणाला.

इतक्यात दोषशोधकांच्या आई सुई आणि दोरा घेऊन आत आल्या.

"काय रे, माझं भिंग उचलून आणलंस ना? आण इकडे. बटण लावायचंय, सुईत दोरा जाईना."

"आई, तपास चालू आहे."

"तुझा तपास चालूच असतो. बटण आज लावायचंय." त्यांनी भिंग काढून घेतलं, दिवा लावला आणि थबकल्या. "अगंबाई! काल तर मिणमिणत होतं मेलं. आज एवढं लख्ख कसं?" मग तेच भिंग घेऊन त्या पेंग्विनच्या पडद्याच्या कोपऱ्यावर वाकल्या. "आणि हे काय? या डब्याची तारीख वीस वर्षं मागे आहे गं! तेव्हा तू पाळण्यात असशील."

सहायिका उभी राहिली. आधी तिने पडद्यावरच्या तारखेकडे पाहिलं, मग भिंगाकडे, मग दोषशोधकांकडे.

"सर, भिंगातला सेल कुठून आणलात?"

"तपासकार्यात साधनं जवळपासचीच वापरावी लागतात."

"जवळपास म्हणजे कुठून?"

"पेंग्विनच्या पोटात होता एक. नुसताच पडून होता."

"तो नुसता पडून नसतो!" तिने कपाळाला हात लावला. "प्लग काढला की त्या सेलवर यंत्राचं घड्याळ चालतं. सेल नाही, त्यात रात्रभर प्लगही नाही. घड्याळ गेलं वीस वर्षं मागे! आणि इंटरनेट कापलेलं, मग खरी वेळ त्याला सांगणार कोण?"

"पण तापमानाचा याच्याशी काय संबंध?" आईंनी विचारलं.

"आजी, कंपाइल करणारा प्रोग्राम पक्का आळशी असतो. फाइल लायब्ररीपेक्षा नवी असेल तरच हात हलवतो. लायब्ररी कालची, आणि माझी दुरुस्ती त्याच्या लेखी वीस वर्षांपूर्वीची. तो कशाला उठतोय? कालचीच लायब्ररी पुढे करतो."

मग दोषशोधक सावकाश उठले आणि पाठीमागे हात बांधून खिडकीपर्यंत गेले. ही खिडकी भिंतीतली होती.

"गुन्हेगार याच खोलीत आहे, हे मी पहिल्यापासून ओळखलं होतं," ते म्हणाले.

"हो," आई म्हणाल्या. "लहानपणी रेडिओ उघडलास, तेव्हाही तू असंच म्हणाला होतास."

सहायिकेने सेल परत जागच्या जागी बसवला, घड्याळ लावलं, फाइल पुन्हा सेव्ह केली. पेंग्विनने या खेपेला काही उत्तर दिलं नाही. तो मुकाट्याने कामाला लागला. तेवढ्या वेळात तिने अंधारलेलं भिंग बाजूला ठेवून सुईत दोरा ओवून दिला, आणि आईंनी नवा चहा आणला.

चार वाजता रोपवाटिकेच्या बाईंना घेऊन ताई दारात उभ्या राहिल्या. किल्ली त्यांच्या मुठीत होती. सहायिकेने सळई कपात सोडली आणि अडॅप्टर एकेका यंत्राला जोडत गेली.

खिडकी: ६१.४२. सफरचंद: ६०.८७. पेंग्विन: ६०.३१. जोडता जोडता चहा निवत गेला तेवढाच फरक; ताईंनी मूठ उघडून किल्ली सहायिकेपुढे धरली.